सनावळी चुकली की कारकीर्दही चुकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्मिता पाटील यांच्या कारकिर्दीवर आलेला लेख आस्थेने लिहिलेला आहे, यात शंका नाही. पण ज्या एका विधानावर तो उभा आहे, ते विधान तारखांपुढे टिकत नाही. आधी समांतर (व्यावसायिक चौकटीबाहेरचे, कलात्मक) चित्रपट, मग १९८२ मध्ये व्यावसायिक चित्रपटांकडे वळण आणि त्या वळणावरच १९८६ च्या डिसेंबरात अखेर, अशी ती मांडणी. ही काही एकट्या लेखकाची चूक नव्हे. वर्षानुवर्षे ती एका लेखातून दुसऱ्या लेखात जशीच्या तशी उतरवली जाते आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा मतात नसते, घाईने केलेल्या चित्रपटसूचीत असते. म्हणून मतावर वाद न घालता सूचीबद्दलच लिहितो आहोत.

एकट्या १९८२ सालाकडे पाहा. ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ त्या वर्षी लागले, हे सगळ्यांना पाठ असते. ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ हेही त्याच वर्षीचे. अमिताभ बच्चन यांच्याबरोबर पावसातले गाणे करणारी नायिका आणि सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडणारी सुलभा महाजन एकाच वर्षी पडद्यावर होत्या. खरेच वळण असते, तर पुढच्या वर्षांत समांतर चित्रपट आटायला हवे होते. झाले उलटेच. १९८३ मध्ये ‘मंडी’ आणि ‘अर्धसत्य’, १९८४ मध्ये कुमार शहानी यांचा ‘तरंग’, १९८५ मध्ये अरविंदन यांचा मल्याळम ‘चिदंबरम’, आणि त्यानंतर ‘मिर्च मसाला’. याच काळात ‘आज की आवाज’, ‘आखिर क्यों’, ‘गुलामी’ हेही चालू होते. दोन्ही प्रकारची कामे एकाच वेळी चालली होती. व्यावसायिक भूमिका कमी प्रतीच्या होत्या असे कुणाला वाटत असेल तर जरूर वाटावे, आमचेही त्यातल्या काहींबद्दल फारसे चांगले मत नाही. पण ‘आधी हे, मग ते’ असा क्रम मात्र लावता येत नाही.

मग हा क्रम येतो कुठून? एका चित्रपटाला तीन वेगवेगळी वर्षे असू शकतात, आणि सूची करणारे ती सरमिसळ वापरतात. पहिले वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्राचे. दुसरे चित्रपटगृहात लागल्याचे. तिसरे पुरस्काराचे, आणि त्यातही पुन्हा फरक. राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्या कॅलेंडर वर्षात प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट धरतात, तर फिल्मफेअर प्रदर्शनाचे वर्ष पाहते. समारंभ दोन्हीकडे नंतरच होतो. ‘चक्र’ हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. त्यातल्या अम्माच्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९८० सालचा, चित्रपट लागला १९८१ मध्ये, आणि फिल्मफेअरची बाहुली हाती आली १९८२ मध्ये. एकाच कामाच्या या तीन नोंदी. तुमच्या लेखासोबतच्या चौकटीत ‘१९८०: राष्ट्रीय पुरस्कार’ आणि ‘१९८२: चक्रसाठी पुरस्कार’ असे दोन स्वतंत्र टप्पे झाले आहेत, ते यामुळेच. ‘उंबरठा’चेही तसेच. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार १९८१ च्या यादीत, प्रदर्शन १९८२ मध्ये. ‘मिर्च मसाला’ तर कुठे १९८५, कुठे १९८६, कुठे १९८७ असा सापडतो. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार १९८६ सालचा आहे आणि भारतात तो लागला १९८७ मध्ये, म्हणजे स्मिता पाटील गेल्यानंतर. ‘सामना’ १९७४ की १९७५, हाही वाद याच जातीचा.

उपाय साधा आहे. एकच वर्ष निवडायचे आणि सगळ्या सूचीला तेच लावायचे. वृत्तपत्रासाठी प्रदर्शनाचे वर्ष सोयीचे, कारण वाचकाच्या आठवणीत तेच असते. पण नटीच्या कामाचा क्रम पाहायचा असेल तर प्रमाणपत्राचे वर्ष अधिक जवळचे पडते, कारण ते चित्रण संपण्याच्या अधिक जवळ असते. हे वर्ष लावून पाहिले की काय दिसते, याचा नमुना म्हणजे १९८० सालचे, म्हणजे २८ वे राष्ट्रीय पुरस्कार. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ‘चक्र’साठी स्मिता पाटील. सर्वोत्कृष्ट चित्रपट मृणाल सेन यांचा बंगाली ‘अकालेर संधाने’, त्यात त्या ‘स्मिता’ नावाच्या नटीच्याच, म्हणजे स्वतःच्याच भूमिकेत. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ‘आक्रोश’, त्यात त्यांची भूमिका लहान्या या आरोपीची बायको नागी हिची. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार केतन मेहता यांच्या गुजराती ‘भवनी भवाई’ला, त्यातही त्या आहेत. एका वर्षाच्या यादीत चार चित्रपट, तीन भाषा. प्रदर्शनाच्या तारखांनी सूची केली की हे चारही विखुरतात आणि हे वर्ष दिसतच नाही. आमच्या मते कारकिर्दीचा माथा शोधायचाच असेल तर तो १९८२ च्या ‘वळणावर’ नाही, इथे आहे.

आता प्रमाणपत्राबद्दल थोडे, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. चित्रपटाच्या सुरुवातीला दहा सेकंद दिसणाऱ्या त्या कागदावर नाव, भाषा, रंगीत की कृष्णधवल, रिळांची संख्या, मीटरमध्ये लांबी, अर्जदार, निर्माता आणि तारीख असते. मात्र इंटरनेटवर किंवा डीव्हीडीवर दिसणारा कागद मूळचाच असेल असे नाही. जुन्या कायद्यानुसार प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती (२०२३ च्या दुरुस्तीने ती अट गेली), त्यामुळे चित्रपट पुन्हा लावायचा तर नवे प्रमाणपत्र घ्यावे लागे. व्हिडिओसाठी तर ते वेगळेच घेत. ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. १९८३ च्या जूनपर्यंत मंडळाच्या नावात ‘सेन्सॉर’ होते, नंतर ‘प्रमाणन’ आले. आणि ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा) हा वर्गही तेव्हापासूनचा, त्याआधी केवळ ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (प्रौढांसाठी). म्हणजे ‘भूमिका’ किंवा ‘गमन’च्या प्रतीवर ‘प्रमाणन बोर्ड’ किंवा ‘यूए’ दिसले, तर ती तारीख त्या चित्रपटाची नाही, नंतरच्या प्रतीची आहे. सूचीत ती उतरवू नये.

लांबीचे गणितही उपयोगी पडते. ३५ मिमी चित्रफितीच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, जवळपास २७.४ मीटर. ४,००० मीटर लांबीचा चित्रपट १४६ मिनिटांचा. हाच चित्रपट दूरदर्शनवर किंवा आपल्याकडच्या काही डीव्हीडींवर १४० मिनिटांत संपतो, कारण तिथे सेकंदाला २५ चौकटी चालतात. सहा मिनिटे कमी भरली म्हणून ‘दृश्ये कापली’ असे लिहिण्याआधी हा भागाकार करून पाहावा. चार टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर मात्र खरेच काहीतरी गेले आहे, आणि बहुतेक वेळा ते गाणे असते. सेन्सॉरने काढायला लावलेल्या भागांची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असते, पडद्यावर ती क्वचितच दिसते.

दुसरा गोंधळ भाषेचा. ‘कोंडुरा’ हिंदीत आणि ‘अनुग्रहम’ नावाने तेलुगूत झाला, १९७८ मध्ये. ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ झाला. हे एक की दोन? याला नियम हवा. कॅमेऱ्यासमोर प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित झाले असतील तर दोन नोंदी, केवळ आवाज बदलला असेल तर एकच. ओळखायचे कसे? जवळच्या दृश्यात प, फ, ब, भ, म या अक्षरांवर लक्ष ठेवावे. फ अलीकडे अनेकजण ओठ न मिटता म्हणतात म्हणून तो सोडावा, पण बाकी चार अक्षरे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. संवादात ‘म’ ऐकू येतो आणि ओठ उघडेच आहेत असे वारंवार झाले, तर ते ध्वनिमुद्रण नंतरचे. शिवाय दाराच्या पाट्या, हातातली पत्रे, भिंतीवरचे फलक कोणत्या लिपीत आहेत ते पाहावे. दोन्ही आवृत्त्यांच्या प्रमाणपत्रावरची लांबी पन्नासेक मीटरच्या आत जुळत असेल तर संशय डबिंगचा, शेकडो मीटरचा फरक असेल तर वेगळे चित्रण किंवा वेगळे संकलन. कलावंत बदलले असतील तर प्रश्नच मिटला.

‘ऐंशीहून अधिक चित्रपट’ हा आकडा तुमच्याही लेखात आहे. तो खोटा आहे असे म्हणायचे नाही, पण तो कशाकशाची बेरीज आहे हे कुणी सांगत नाही. सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराहूनही छोटा. धरायचा? अरुण खोपकर यांचा ‘तीव्र मध्यम’ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला पदविका चित्रपट (विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला), १९७४ चा. तो धरायचा? पाहुणी म्हणून केलेल्या भूमिका? डब केलेल्या आवृत्त्या? प्रत्येक ठिकाणी उत्तर बदलले की बेरीज बदलते. ‘पहिला चित्रपट कोणता’ याचीही त्यामुळे तीन उत्तरे फिरत असतात: ‘तीव्र मध्यम’, ‘सामना’ आणि श्याम बेनेगल यांचा बालचित्रपट ‘चरणदास चोर’. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पदविका चित्रपट, मराठी चित्रपट आणि हिंदी चित्रपट असे म्हटले की भांडण संपते. (जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या वाचल्याचा किस्सा मात्र एकाही लेखात सुटत नाही. ‘तीव्र मध्यम’ हमखास सुटतो.)

सारख्या नावांचाही त्रास आहे. ‘नजराना’ १९६१ चा वेगळा, १९८७ चा वेगळा. ‘वारिस’ १९६९ चा जितेंद्रचा, १९८८ चा स्मिता पाटील यांचा. संगणकावर शोधताना नाव टाकले की जुन्या चित्रपटाचे संगीतकार नव्याला चिकटतात. म्हणून नावाबरोबर वर्ष आणि दिग्दर्शक या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण मानू नये. ‘सांगत्ये ऐका’बाबत तर तिहेरी गुंता होतो. त्या नावाचा अनंत माने यांचा चित्रपट १९५९ चा. तेच नाव पुढे हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्राला दिले गेले. आणि त्या आत्मचरित्रावर बेतलेला चित्रपट म्हणजे १९७७ चा ‘भूमिका’. जुन्या चित्रपटाचे नाव वाचून ‘भूमिका हा त्याचा रिमेक’ असे छापून आलेले अधूनमधून दिसते.

मृत्यूनंतर लागलेल्या चित्रपटांकडे तर फारच सावधपणे पाहायला हवे. ‘डान्स डान्स’, ‘नजराना’, ‘ठिकाना’, ‘सूत्रधार’ हे १९८७ चे, ‘वारिस’ १९८८ चा, ‘गलियों का बादशाह’ १९८९ चा. प्रदर्शनाच्या क्रमाने सूची लावली की शेवटची तीन वर्षे जवळपास व्यावसायिक चित्रपटांचीच दिसतात, आणि लेखकाला ‘वळणा’चा पुरावा मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती तीन वर्षे त्यांच्या आयुष्यातली नाहीतच. रखडलेला चित्रपट कधी लागेल हे पैसा, वितरक आणि उरलेले चित्रण ठरवते, नटीची निवड नव्हे. अशा चित्रपटांना सूचीत वेगळी खूण हवी, आणि शक्य तिथे चित्रणाचा काळ लिहायला हवा. तो शोधण्यासाठी मुहूर्ताच्या बातम्या पाहाव्यात. मुहूर्ताची बातमी खालची मर्यादा देते. वरची मर्यादा प्रमाणपत्राची तारीख देते, कारण चित्रण संपल्याशिवाय ते मिळत नाही.

प्रदर्शनाची तारीख शोधायला तुमच्या स्वतःच्या दैनिकाचे जुने अंक पुरेसे आहेत. शुक्रवारचा अंक काढायचा आणि सिनेमाच्या जाहिरातींचे पान पाहायचे. ‘आजपासून’ असे असेल तरच ती तारीख घ्यायची. ‘लवकरच’ किंवा ‘येत्या शुक्रवारी’ या जाहिरातींवर विसंबू नये, तारखा ऐन वेळी पुढे जात. ‘तिसरा आठवडा’ अशी जाहिरात मिळाली तर दोन आठवडे मागे मोजायचे, पण शहर तेच असायला हवे. मुंबईत लागलेला चित्रपट पुण्यात किंवा कोल्हापुरात त्याच दिवशी लागायचा असे नाही. चित्रपटगृहात विकत मिळणारी गाण्यांची पुस्तिका भूमिकांची नावे आणि श्रेयनामावली यांसाठी उत्तम, पण ती अखेरचे संकलन होण्याआधी छापली जाई. त्यामुळे पडद्यावर नसलेले गाणे तिच्यात सापडते आणि कथासारात बदललेला प्रसंग तसाच राहतो. पुस्तिका आणि पडदा यांत फरक पडला तर पडद्याचे खरे मानावे. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पुस्तिका, भित्तिपत्रके आणि स्थिरचित्रे जपलेली आहेत. १९६४ पासूनची ही संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली, पण काम तिथेच चालते.

गाजलेले गाणे नायिकेच्या नावावर आपोआप जमा होते, ही आणखी एक चूक. ‘बाजार’मधले ‘दिखाई दिये यूँ’ सुप्रिया पाठक आणि फारुख शेख यांच्यावर आहे, स्मिता पाटील यांच्यावर नव्हे. छायाचित्रांचेही तेच. चित्रपटाचे ‘स्टिल’ म्हणजे चित्रफितीतली चौकट नसते. स्थिरचित्रकाराने सेटवर वेगळ्या कॅमेऱ्याने काढलेले ते छायाचित्र असते. म्हणून त्यातली नजर किंवा उभे राहणे चित्रपटात शोधून सापडेलच असे नाही. शिवाय वृत्तपत्रे कृष्णधवल छापत, म्हणून स्टिलही पुष्कळदा कृष्णधवलच काढत. त्यावरून चित्रपट कृष्णधवल होता असा निष्कर्ष काढू नये. ‘भूमिका’त तर रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही आहे.

आणि एक गोष्ट मराठी दैनिकाने तरी सोडायला नको होती. लेखात या भूमिकांमागची पुस्तके जवळजवळ नाहीत. ‘चक्र’ जयवंत दळवींच्या कादंबरीवर. ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांच्या. ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या. ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर. ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर. हिंदी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव ज्या भूमिकांनी पक्के झाले, त्यातल्या निम्म्याअधिक मराठी पुस्तकांतून आल्या. आणि पटकथेचे नाव पाहत गेले तर ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’, सहाही ठिकाणी विजय तेंडुलकर. १९७५ च्या आसपासपासून १९८३ पर्यंत हा धागा सलग चालतो, मराठी-हिंदी अशी सीमा त्याला नाही. व्यावसायिक की समांतर यापेक्षा ही विभागणी आम्हाला जास्त बोलकी वाटते. कारण लेखणी तेंडुलकरांची असली तरी भूमिकेचा आकार मात्र सारखा नाही. ‘उंबरठा’त संपूर्ण चित्रपट सुलभाच्या खांद्यावर आहे, ‘आक्रोश’मध्ये नागीला फार थोडा वेळ मिळतो, आणि ‘अर्धसत्य’मधली ज्योत्स्ना ही नायक असलेल्या पोलीस अधिकारी वेलणकरच्या गोष्टीच्या कडेला उभी आहे. कोणत्या भूमिकेला पडद्यावर किती वेळ, हा रकाना कुठल्याच सूचीत नसतो. घड्याळ लावून तो भरता येतो. मुखवटा, पाठमोरे दृश्य, केवळ आवाज यांचे सेकंद वेगळे मोजावेत, नाहीतर दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत.

चौकट पुन्हा छापणार असाल तर किमान एवढ्या दुरुस्त्या व्हाव्यात: ‘चक्र’च्या दोन नोंदींची एक करावी, ‘मिर्च मसाला’पुढे ‘प्रदर्शन १९८७’ असे लिहावे, ‘कोंडुरा’पुढे ‘अनुग्रहम’ आणि ‘उंबरठा’पुढे ‘सुबह’ जोडावे, १९८७ ते १९८९ मधल्या नावांना मरणोत्तर प्रदर्शनाची खूण करावी, आणि ‘तरंग’, ‘भवनी भवाई’ व ‘अकालेर संधाने’ ही राहून गेलेली तीन नावे घालावीत. पद्मश्रीचे वर्ष १९८५ असे छापले आहे, ते बरोबर आहे.

आपले,
चित्रपटसूचीचे काम करणारे काही वाचक